आप्पा, ‘कायदेशीर’ हा शब्द मी मागे घेतो

आप्पा, तुमची प्रतिक्रिया लांबलचक आहे आणि रागाने लिहिलेली आहे. दोन्ही रास्त. नंतर येणाऱ्यांना संदर्भ लागावा म्हणून तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो. ‘युरोपातले गांजाचे क्लब’ हा माझा लेख वाचून तुमचा पुतण्या बार्सिलोनात एका क्लबात गेला. बाहेर पडून दोन गल्ल्या ओलांडत नाही तोच पोलिसांनी खिशातली दीड ग्रॅमची पुडी काढून घेतली आणि ६०१ युरोची नोटीस हातावर ठेवली. पुढे जर्मनीत ‘खुलं झालंय’ म्हणून तो बर्लिनला गेला, तर एकाही क्लबाने दारात उभं केलं नाही. आणि तिसरं, जे तुम्हाला जास्त लागलंय: “शिरपूरकडच्या डोंगरातली पोरं याच झाडापायी जेलात जातात आणि तुम्ही चोपड्या-यावलच्या पोरांना त्याची सहल शिकवता.”

पहिल्या दोन मुद्द्यांत चूक माझी आहे. स्पेनपुढे मी ‘कायदेशीर’ लिहिलं आणि जर्मनीपुढे ‘खुलं’. लेखात पुढे अटी दिल्या होत्या, पण शीर्षक वाचून तिकीट काढणाऱ्याला त्यांचा काय उपयोग? दोन्ही शब्द काढले आहेत. आता नीट सांगतो.

स्पेनचं गणित आपल्या भरीत पार्टीसारखं आहे. वीस-पंचवीस ओळखीच्यांनी वर्गणी काढली, बामणोदची वांगी आणली, कपाशीच्या काड्यांवर भाजली आणि शेतातच पंगत बसली. कोणी कोणाला काही विकलं नाही, म्हणून हॉटेलचा परवाना कोणी विचारत नाही. उद्या त्याच बांधावर हायवेकडे तोंड करून बोर्ड लावला, येणाऱ्या-जाणाऱ्याला ‘या, वर्गणी द्या, जेवा’ म्हटलं, की ती पार्टी राहत नाही, धंदा होतो. स्पेनमध्ये गांजा विकणं गुन्हाच आहे. मात्र स्वतःपुरतं, खासगी जागेत सेवन हा फौजदारी गुन्हा नाही, आणि आधीपासून सेवन करणाऱ्यांच्या बंदिस्त, छोट्या गटाने मिळून आणलं तर तिथली न्यायालयं ते सोडून देत आली. क्लब उभे आहेत ते एवढ्याच फटीवर. बिल्बाओच्या एबेर्स नावाच्या संघटनेचे २९० सभासद होते. सप्टेंबर २०१५ मध्ये स्पेनच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की कायमस्वरूपी चालणारी, नवे नवे सभासद घेत जाणारी अशी व्यवस्था म्हणजे मित्रांचं एकत्र सेवन नव्हे. बार्सिलोना ज्यात येतं त्या कातालोनिया प्रांताच्या संसदेने २०१७ मध्ये क्लबांसाठी वेगळा कायदा केला, तो घटनात्मक न्यायालयाने २०१८ मध्ये रद्द केला. तेव्हा बार्सिलोनातला क्लब परवाना असलेलं दुकान नाही. तो आज आहे म्हणून आहे.

यातूनच दारावरची सगळी रीत येते. बाहेर पाटी नसते, बेल असते. मूळ पासपोर्ट लागतो. वय काही ठिकाणी १८ पुरतं, पुष्कळ ठिकाणी २१ लागतं. आधीच्या सभासदाची ओळख लागते. अर्जावर लिहून द्यावं लागतं की मी आधीपासून सेवन करतो आणि महिन्याला मला साधारण इतकं लागतं. वार्षिक वर्गणी साधारण २० ते ५० युरो. आत जे मिळतं त्याचे पैसे ‘किंमत’ म्हणून घेत नाहीत, लागवडीच्या खर्चातला वाटा म्हणून घेतात. शब्दांचा खेळ वाटेल, पण सगळं त्या शब्दांवरच टेकलेलं आहे. ज्याने आजवर कधी घेतलेलं नाही त्याने त्या अर्जावर सही केली, तर पहिलीच ओळ खोटी. हे माझ्या लेखात नव्हतं, आता आहे.

बार्सिलोनाच्या रांब्ला रस्त्यावर ‘क्लब, क्लब’ म्हणत मागे लागणारी पोरं दिसतात, त्यांच्यामागे जाऊ नये. रस्त्यावरून गिऱ्हाईक ओढणारा क्लब म्हणजे हायवेवर बोर्ड लावलेलीच भरीत पार्टी. छापा पडायचा तर तिथे आधी. आणि हीच पोरं रस्त्यातच पुडी देऊ करतात. युरोपात अशा मालात कृत्रिम रसायनं फवारलेला, जवळजवळ बिननशेचा हेंप (गांजाच्याच जातीचं झाड) सापडलेला आहे. दिसायला, वासाला गांजाच. चढतं मात्र भलतंच, आणि माणूस थेट दवाखान्यात.

आता पुतण्याचं नेमकं काय चुकलं. स्पेनच्या २०१५ च्या सार्वजनिक सुरक्षा कायद्यात कलम ३६ च्या १६ व्या पोटकलमात सार्वजनिक जागी अमली पदार्थ घेणं किंवा नुसतं बाळगणंही, विकण्यासाठी नसलं तरी, गंभीर नियमभंग धरलंय. दंड ६०१ पासून ३०,००० युरोपर्यंत. दीड ग्रॅमऐवजी अर्धा असता तरी खालचा आकडा ६०१ च. क्लबाचं कार्ड दाखवून काही होत नाही, कारण कार्ड चालतं ते दाराच्या आत. क्लबातून बाहेर पडताना खिशात काही नको. लागेल तेवढंच घ्यायचं, उरलं तर तिथेच सोडायचं. पैसे वाया जातात, जाऊ द्यावेत.

जर्मनीचं उलटं आहे. तिथे कायदा लिहिलेला आहे, स्वच्छ आहे, आणि तो पर्यटकासाठी नाहीच. १ एप्रिल २०२४ पासून १८ वर्षांवरच्या माणसाला २५ ग्रॅम जवळ बाळगता येतं. क्लब १ जुलै २०२४ पासून. पण सभासदत्व फक्त त्याला, जो किमान सहा महिने जर्मनीत राहतोय. एका क्लबात जास्तीत जास्त ५०० जण, महिन्याला माणशी ५० ग्रॅम, २१ वर्षांखालच्यांना ३० ग्रॅम आणि त्यातही नशेच्या द्रव्याचं प्रमाण दहा टक्क्यांपर्यंतच. गंमत अशी की क्लबाच्या आवारात ओढायलाही बंदी. तिथे नुसतं वाटप होतं. तिथल्या मित्राने प्रेमाने फुकट दिलं, तर तेही नियमाबाहेर. म्हणजे आठ दिवसांसाठी गेलेल्याला बाळगायची मुभा आहे, मिळवायचा सरळ मार्ग नाही. आखेनला किंवा म्युनिकला शिकायला गेलेल्या आपल्या पोरांना मात्र सहा महिन्यांनंतर हे दार उघडतं. त्यांनी एवढं ध्यानात ठेवावं की पादचारी रस्त्यांवर सकाळी ७ ते रात्री ८ ओढायला मनाई आहे, आणि शाळा, खेळाची मैदानं नजरेच्या टप्प्यात असतील तर १०० मीटरच्या आतही.

माल्टातले क्लब तिथल्या रहिवाशांपुरते. उरुग्वेतही नागरिक आणि कायम रहिवासीच. ॲम्स्टरडॅममध्ये क्लब नव्हेत, कॉफीशॉप आहेत, तिथे परदेशी माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपर्यंत मिळतं. नेदरलँड्समधल्याच मास्त्रिखतला पर्यटकाला तेही नाही. ॲम्स्टरडॅमच्या जुन्या रेड लाइट भागात रस्त्यावर ओढलं तर मे २०२३ पासून १०० युरो दंड.

खरं सांगायचं तर खान्देशातून बार्सिलोनाला जाणारे किती? बँकॉकला जाणारे ढीगभर आहेत. बियाणं-खतांच्या कंपन्या कृषी केंद्रवाल्यांना दर हंगामाला थायलंडची टूर देतात, त्यामुळे खरा धोका तिथे. थायलंडने जून २०२२ मध्ये गांजा मोकळा केला, दुकानं पानटपऱ्यांसारखी उगवली. जून २०२५ मध्ये नियम फिरला आणि फुलासाठी डॉक्टरची चिठ्ठी सक्तीची झाली. तीन वर्षांपूर्वी जाऊन आलेल्याचं ऐकून कोणी जात असेल तर त्याला आत्ताच थांबवा. आणि ‘माझी एवढी पिशवी मुंबईत घेऊन उतर, तिकीट माझ्याकडून’ असं तिथे कोणी म्हणालं, तर हॉटेल बदला. बँकॉकहून मुंबईला येणाऱ्यांच्या बॅगांत हायड्रोपोनिक (मातीऐवजी पाण्यावर वाढवलेला) गांजा पकडल्याच्या बातम्या सारख्या येतात, आणि त्यात बॅग उचलणाराच सापडतो.

परतीच्या प्रवासात गफलत जास्त होते, तुमच्या पुतण्यालाही हे सांगा. आपल्या १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्यात गांजाची ‘अल्प मात्रा’ एक किलोपर्यंत आणि ‘व्यापारी मात्रा’ वीस किलोच्या वर. अल्प म्हणजे माफ, असा समज आहे. अल्प मात्रेलाही वर्षापर्यंत सक्तमजुरी किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. चरसाची अल्प मात्रा शंभर ग्रॅमपर्यंत. गांजा घातलेली गमी (चघळायची गोड गोळी) किंवा चॉकलेट आणलं तर? सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये हिरा सिंग प्रकरणात स्पष्ट केलंय की मिश्रणाचं पूर्ण वजन धरायचं. म्हणजे साखरही मोजली जाते. व्हेप पेन आणलं तर २०१९ च्या ई-सिगारेट बंदीत तो आयातीचा वेगळाच गुन्हा. आणि वाटेत विमान बदलायला दुबई असेल तर जाकिटाचे खिसे, तंबाखूची पिशवी, ग्राइंडर (गांजा बारीक करायची डबी), सगळं आधीच झटकून, फेकून निघावं. २००८ मध्ये तिथे एका ब्रिटिश प्रवाशाला बुटाच्या तळव्याला चिकटलेल्या ०.००३ ग्रॅमसाठी चार वर्षांची शिक्षा झाली होती. २०२२ पासून तिथला कायदा पहिल्या वेळी थोडा नरम झालाय, पण त्या भरवशावर कोणी राहू नये.

तुमच्या प्रतिक्रियेखाली कोणीतरी लिहिलंय, ‘शिवरात्रीला भांग चालते, मग याचं काय एवढं?’ त्याला दोन गोष्टी सांगतो. भांग पानांची असते, आणि फुलोरा नसलेली पानं व बिया एनडीपीएसच्या व्याख्येत येत नाहीत. पण महाराष्ट्रात भांग दारूबंदी कायद्याखाली येते, परवान्याशिवाय ती बाळगता किंवा विकता येत नाही. दुसरं, थंडाईचा अनुभव असलेल्याला परदेशातली गमी समजायला सोपी जाते. घशाखाली गेलेलं यकृतातून फिरून मगच चढतं, त्याला अर्धा ते दोन तास लागतात. ‘काहीच होत नाही’ म्हणून होळीला जो दुसरा ग्लास लावतो, तो रात्री अंगणात आडवा असतो. तिथेही तेच होतं. दहा मिलिग्रॅमची एक गमी नवख्याला भरपूर असते. अडीच मिलिग्रॅम, म्हणजे पाव तुकडा, एवढ्यावर थांबून दोन तास दुसऱ्याला हात लावायचा नाही. चढलं की सहा-आठ तास उतरत नाही. युरोपात गांजाच्या सिगारेटीत तंबाखू मिसळण्याची पद्धत आहे, त्यामुळे तंबाखूची सवय नसलेल्याला घाम फुटून डोळ्यांपुढे अंधारी येते. त्याला आडवं करून पाय उंच ठेवावेत, शुद्धीवर असेल तर गोड सरबत द्यावं. छातीत दुखलं किंवा भान हरपलं, तर लाजू नये, ११२ लावावा आणि काय घेतलंय ते खरं सांगावं. हृदयविकार असणाऱ्याने किंवा घरात कोणाला मानसिक आजार असलेल्याने याच्या वाटेलाच जाऊ नये. मर्चंट नेव्हीची किंवा आखाती नोकरीची मेडिकल समोर असलेल्यानेही नाही: एकदोनदा घेतलं तरी लघवीत तीन-चार दिवस दिसतं, रोज घेणाऱ्याच्या महिनाभर.

आता शिरपूर. तुम्ही म्हणता ते खरं आहे, आणि त्यात अन्याय आहे असं मलाही वाटतं. म्युनिकमध्ये खिडकीत तीन झाडं लावता येतात. सातपुड्याच्या पायथ्याशी कपाशी-तुरीच्या आडोशाला गांजाचं एक झाड लावलं तरी एनडीपीएसच्या कलम २० मध्ये दहा वर्षांपर्यंत शिक्षा आणि एक लाखापर्यंत दंड. लागवडीला ‘अल्प मात्रे’ची सवलत नाही. बातमीत उपटलेल्या झाडांचा फोटो असतो, शेजारी मान खाली घालून शेतकरी असतो, आणि माल उचलायला जो येणार होता तो फोटोत कधीच नसतो. पण मी मराठीत न लिहिल्याने हे थांबत नाही, आप्पा. पोरं हिंदी-इंग्रजी रील बघून जातात. त्यात दार दाखवतात, दंड दाखवत नाहीत. माझ्या लेखात दंड होता, पण खाली, सातव्या परिच्छेदात. आता तो दुसऱ्यात आणला आहे.

पुतण्याच्या नोटिशीचं मात्र आजच बघा. त्यावर ती हातात पडल्याची तारीख असेल. त्या दिवसापासून १५ दिवसांत भरलं तर रक्कम निम्मी होते, म्हणजे ३००.५० युरो, साधारण तीस हजार रुपये. पण निम्मे भरले की हरकत घ्यायचा हक्क सुटतो आणि प्रकरण तिथेच मिटतं. पुडी त्याची नव्हती किंवा तो सार्वजनिक जागी नव्हता, असं त्याला सांगायचं असेल, तर पैसे भरायच्या आधी लेखी कळवावं. तसं नसेल, तर घासाघीस न करता भरून टाकावं आणि पावती जपून ठेवावी.