पैसे दिले, पण व्याकरणात बसले नाहीत

माद्रिदमध्ये सकाळी पावाची मागणी नोंदवून पैसेही चुकते करणाऱ्या माणसाने दुपारी पाव आणायला जाताना खिशात पावती ठेवावी. माझ्याजवळ फक्त क्रियापद होते. सकाळची मुलगी पाळी संपवून गेली होती, गल्ल्यावरच्या बाईंनी पुन्हा पैसे मागितले, तेव्हा शेवटच्या 'ए'वर व्यवस्थित जोर देऊन मी 'या पागे', म्हणजे 'मी पैसे दिले', असे सांगितले.

हे 'पागे' मला फुकट मिळालेले नाही. 'पागार' म्हणजे पैसे देणे. त्याच्या पोर्तुगीज भावंडाकडून आपला 'पगार' आलेला असल्यामुळे हे क्रियापद मला घरचेच वाटले होते. वर्तमानकाळात ते गुणी बाळासारखे वागतेही. भूतकाळात मात्र 'ग'च्या अक्षरापुढे 'ए' आला की स्पॅनिश माणूस त्याचा घसा खरवडून 'ख' करतो, म्हणून मध्ये एक मुका 'उ' घालावा लागतो, जो लिहायचा पण उच्चारायचा नाही, आणि वर शेवटच्या 'ए'वर तिरकी रेघ द्यायची ती वेगळीच. 'तू दिलेस' आणि 'त्याने दिले' यांना असला 'उ' लागत नाही. हा भुर्दंड एकट्या 'मी'ला. आपल्या 'ग'ला कोणतीही मात्रा लावा, तो 'ग'च राहतो, हे सुख परदेशात कळते.

तिथल्या दुकानांत बरेचदा रांग लावत नाहीत. येणारा 'शेवटचे कोण?' एवढे विचारतो आणि आपली पाळी ध्यानात ठेवतो. माझ्यानंतरचे आजोबा, ज्यांचा कुत्रा चाकांच्या पिशवीतून मान बाहेर काढून बसला होता, एकदम पुढे आले.

"आपण पैसे केव्हा दिलेत?"

"आज सकाळी."

"मग 'पागे' कसे? 'ए पागादो' म्हणा. दिवस अजून संपलेला नाही."

स्पेनच्या बहुतेक भागांत आज घडलेल्या गोष्टीला असे जोडक्रियापद लावतात आणि 'पागे' कालपर्यंतच्या व्यवहारांसाठी राखून ठेवतात, हे खरे आहे. पण ते ऐकताच बाईंनी कालच्या पावत्यांचा गठ्ठा उपसायला घेतला, कारण 'पागे' म्हणणाऱ्या माणसाने पैसे कालच दिलेले असणार! मी "आज, आज" असे ओरडत असताना कोपऱ्यातल्या एक बाई म्हणाल्या की त्या वायव्य स्पेनमधल्या गालिसियाच्या आहेत आणि तिकडे आजच्यालाही 'पागे'च चालते. त्यावर आजोबांनी हे माद्रिद असल्याची आठवण करून दिली. मग त्या दोघांचे असे जुंपले की अर्धी लॅटिन अमेरिका माझ्या बाजूने साक्षीला बोलावली गेली, आणि माझा पाव मात्र फळीवरून हलला नाही.

शेवटी, मालकांना दाखवायला म्हणून, बाईंनी मला वहीत लिहून द्यायला सांगितले. मी लिहिले. आजोबांनी चष्मा चढवून आधी 'उ' तपासला, मग रेघ तपासली, आणि सगळ्या दुकानाला ऐकू जाईल अशा आवाजात जाहीर केले की परदेशी माणसाने रेघ विसरली असती तर या वाक्यातून बाईंनाच पैसे भरण्याची आज्ञा झाली असती. सगळे हसले. स्पॅनिश भाषेची अकादमी 1713 पासून भाषा स्वच्छ करते आहे. तिच्या वतीने हा एक माणूस पावाच्या दुकानात स्वखुशीने राबत होता, याचे मला कौतुक वाटायला हवे होते. वाटले नाही. सकाळी मी खरोखर पैसे दिले होते की नाही, हा प्रश्न त्या अख्ख्या विद्वत्सभेत एकालाही पडला नव्हता.

मी पुन्हा पैसे मोजले. या खेपेची पावती मात्र मागून घेतली. बाईंचा चेहरा जरा ओशाळला. म्हणाल्या, उद्या सकाळी या, ती मुलगी असेल, तिला विचारून जास्तीचे पैसे परत देऊ.

"आणि उद्या," आजोबा कुत्र्याची मान पिशवीत दाबत म्हणाले, "आपण खुशाल 'पागे' म्हणा."