सोलापुरात पाणबुडी

नौदलातून निवृत्त झालेल्या मेहुण्यांना हौस म्हणून पटाशी-रंधा देऊ नये, असा कायदा व्हायला हवा. आमच्या मेहुण्याने सागवान तासून, घासून, पॉलिश मारून आयएनएस खांदेरी घडवली आणि सिद्धेश्वर एक्स्प्रेसने रात्रभर मांडीवर घेऊन सोलापुरात आणली. समुद्र बघायचा तर आम्हाला त्याच गाडीने उलटं जावं लागतं, हा भाग वेगळा.

खरी खांदेरी 67.5 मीटर लांब. मेहुणा मापाला पक्का, त्यामुळे शंभरपट लहान केलेली आमची बरोबर 67.5 सेंटिमीटर. शोकेसचा कप्पा दोन फुटी, म्हणजे 61. उरलेले साडेसहा सेंटिमीटर गेल्या दिवाळीपासून आमच्या घरात फिरताहेत. टीव्हीवर ठेवली तर बातम्यांची पट्टी झाकते, फ्रीजवर ठेवली तर कॉम्प्रेसर सुरू झाला की ती हळूहळू कडेला सरकते. शेवटी मोरीबाहेरच्या पाण्याच्या बॅरलवर, झाकणावर जुनी चादर घालून, तिला जागा मिळाली.

पाणबुडीचा सगळा जन्म कुणाला दिसू नये म्हणून असतो. आमची मात्र हात धुवायला उठलेल्या प्रत्येकाला दिसते. मग मी सांगायचं : ही स्कॉर्पीन जातीची, माझगाव डॉकमध्ये बांधलेली, 28 सप्टेंबर 2019 ला नौदलात दाखल झालेली; थळसमोरच्या समुद्रातल्या शिवकालीन जलदुर्गाचं नाव हिला दिलंय; तोंडाशी टॉर्पेडो सोडायच्या सहा नळ्या आहेत. शेजारचा मित्र कडक भाकरीवर शेंगाचटणी घेऊन हे सगळं शांतपणे ऐकतो आणि विचारतो, "ते खरंय बे, पण लाटण्याला मूठ मधेच कशाला?"

धूळ हा स्वतंत्र अध्याय. खऱ्या पाणबुडीचा पंखा जलावतरणाच्या वेळी झाकून ठेवतात. पात्यांच्या आकारावरून तिच्या आवाजाचा अंदाज शत्रूला येऊ नये म्हणून. आमच्या मावशींनी तर त्या पात्यांना हातच लावणार नाही असं पहिल्याच आठवड्यात जाहीर केलं. त्यामुळे जुना टूथब्रश घेऊन मी बसतो. पेरिस्कोप एका उन्हाळ्यात गळून पडला, तिथे आता उदबत्तीची काडी आहे. जवळ गेलं की मोगऱ्याचा वास येतो.

8 डिसेंबरला मेहुण्याचा व्हिडिओ कॉल आला. 1967 साली याच दिवशी पहिली पाणबुडी, कलवरी, नौदलात आली, म्हणून हा पाणबुडी दिन. "दाजी, खांदेरी दाखवा." मी कॅमेरा वळवला आणि नेमकं नळाला पाणी आलं. काही दिवसांआड येणारं पाणी आलं की आमच्याकडे मेहुणा काय, यमसुद्धा दारात थांबतो. बायकोने एका हातात पाइप धरला, दुसऱ्या हाताने चादरीसकट झाकण ओढलं, आणि खांदेरी थेट उजनीच्या पाण्यात.

बुडेल तर शपथ. सागवानच ते, पोट वर करून मजेत तरंगत राहिली. मेहुणा तिकडून अगदी शांतपणे समजावत होता, "अहो दाजी, पाणबुडी टाक्यांत पाणी भरून घेते, जड होते, तेव्हा खाली जाते. ही भरीव आहे, हिच्यात पाणी शिरणार कुठून?" बायको ओरडली, "दादा, पाणी जाईल, फोन ठेव!"

काडी मात्र सापडली नाही. ते ऐकून मेहुणा म्हणाला, काळजी करू नका, गड्ड्याच्या जत्रेला येतोच आहे, नवा पेरिस्कोप आणतो. शिवाय करंज पूर्ण झालीये, वेलाला पॉलिश चाललंय. या जातीच्या एकूण सहा पाणबुड्या आहेत.

बायकोने सुताराला शोकेसचं माप घ्यायला बोलावलंय.