पन्नास फूट, शिसं, पन्नास फूट

मासे खाणाऱ्या माणसाला मासे पकडायचीही हौस असणार, असं लोक का धरून चालतात देव जाणे. आंबा आवडतो म्हणून मला अजून कोणी झाडावर चढवलेलं नाही. पण मी रत्नागिरीचा, एवढ्या एका पुराव्यावर आमच्या साडूंनी मला त्यांच्या बोटीवर भरती करून घेतलं. साडू साताऱ्याचे. क्लीव्हलंडला येईपर्यंत त्यांचा पाण्याशी संबंध आंघोळीपुरता. आता उन्हाळ्यातला शनिवार उजाडायच्या आत त्यांची गाडी आमच्या दारात उभी असते, मागे बोट बांधलेली, आणि शेजारी पडदे सारून बघत असतात.

क्लीव्हलंड ज्याच्या काठावर आहे ते एरी सरोवर अमेरिकेच्या पाच महासरोवरांतलं सगळ्यांत उथळ. सरासरी खोली ६२ फूट. तिकडे सुपीरियर सरोवर १,३३३ फुटांपर्यंत खोल जातं. ते ऐकून मी निर्धास्त झालो होतो. एवढ्याशा पाण्यात अवघड ते काय? दोरीला शिसं बांधायचं, तळाला टेकलं की थांबायचं. आमच्याकडे खडपावर बसून पोरंसुद्धा हेच करतात.

पण ज्या माशासाठी हा खटाटोप, तो वॉलआय उन्हाळ्यात तळाला जात नाही. सरोवराच्या मधल्या भागात वर गरम पाणी आणि खाली गार पाण्याचा पातळ थर असतो. ही दोन पाणी एकमेकांत मिसळत नाहीत, आणि ऑगस्टपर्यंत खालच्या थरातला प्राणवायू संपत येतो. वर जावं तर त्याच्या डोळ्यांना उजेड सोसत नाही. अंधारात दिसावं म्हणून त्या डोळ्यांत चमकणारा पडदा दिलाय, त्याची ही किंमत. म्हणून स्वारी तीसचाळीस फुटांवर अधांतरी. आपण आमिष नेमकं त्या मजल्यावर न्यायचं आणि बोट चालू ठेवून त्याच मजल्यावर ठेवायचं. याला ट्रोलिंग म्हणतात.

आमिष म्हणजे पत्र्याचा चकचकीत चमचा. बोट ताशी दोन मैलांनी पुढे जाते, दोरीला पाणी मागे रेटतं, आणि या ओढाताणीत चमचा वर येऊन पृष्ठभागाजवळ फिरायला लागतो. त्याला खाली धाडायला स्नॅप वेट. एक पक्की पकड असलेला चिमटा आणि त्याला टांगलेलं शिसं, अर्ध्या औंसापासून पुढे हव्या त्या वजनाचं. आधी चमचा पन्नास फूट सोडायचा, मग दोरीला शिशाचा चिमटा लावायचा, मग आणखी पन्नास फूट. दोरी गुंडाळायच्या रीलवर फूट मोजणारा आकडा असतो. साडूंचं लक्ष पाण्याकडे कमी, त्या आकड्याकडे जास्त.

“पाव्हणं, अठ्ठेचाळीसला चिमटा लावला तुम्ही.”

“दोन फुटांनी काय होतंय?”

“माशाला विचारा काय होतंय ते!”

वास्तविक चमचा किती खोल आहे हे दोघांपैकी कोणालाच माहीत नसतं. साडूंकडे तक्ता आहे: एवढं शिसं, एवढी दोरी, एवढा वेग, म्हणजे एवढी खोली. पण दोरी जाड असली तर पाणी तिला जास्त अडवतं आणि चमचा वर राहतो. वेग किंचित वाढला की वर, कमी झाला की खाली. बोट वळली की वळणाच्या आतल्या बाजूचे चमचे मंदावून बुडतात आणि बाहेरचे वेग धरून वर येतात. साडू तर मुद्दाम नागमोडी चालवतात. आतल्या बाजूच्या गळाच्या काठीला मासा लागला तर मासे खोल आहेत, बाहेरच्या काठीला लागला तर वर आहेत, असा हिशोब. हिशोब खरा आहे, मान्य. पण सकाळी सहाला, पोटात नुसता चहा असताना, दोन फुटी लाटांवर नागमोडी जाणं म्हणजे काय, ते रिकाम्या पोटालाच कळतं.

आणि मग मासा लागतो. इथे माझं खरं काम सुरू होतं. साडू रील फिरवतात, काठी वाकते, ते ओरडतात, “आला, आला!” आणि पाण्यातून वर येतं ते शिसं. मासा अजून पन्नास फूट मागे. आता हा चिमटा काढल्याशिवाय दोरी रीलमध्ये जाणार नाही. दोरी ढिली पडू द्यायची नाही, नाहीतर मासा सुटतो. म्हणजे मी कठड्यावरून अर्धा बाहेर, एका हातात थरथरणारी दोरी, दुसऱ्या हाताची बोटं गार पडलेली, चिमटा माझ्या वडिलांच्या जुन्या ट्रंकेच्या कुलपाहून हट्टी, आणि मागून सूचना. चिमटा निघाला की मासा त्यांनी पकडला. चिमटा पाण्यात पडला की तो मी पाडला. घरी फोटो जातात त्यांत मासा आणि साडू असतात. माझा फार तर कोपर.

दिवसाला माणशी सहा मासे, पंधरा इंचांहून आखूड असला तर परत पाण्यात, असा ओहायोचा नियम. माझ्या वाट्याचे सहा मासेही साडू माझ्याच नावावर पकडायला बघतात, तेही नियमात बसत नाही हे त्यांना मी दर वेळी सांगतो. मासा मात्र चवीला सरस आहे. रवा लावून तळला आणि बाजूला सोलकढी असली की मेव्हणी म्हणते, एवढ्यासाठी पहाटे उठायला काही हरकत नाही. ती स्वतः नऊला उठते.

गेल्या मोसमात साडूंनी एक वही केली. शिसं किती, दोरी किती, वेग किती, वारा कुठून. एका शनिवारी मासे भरपूर लागले, म्हणून पुढच्या शनिवारी वहीतले आकडे जसेच्या तसे लावले. दुपारपर्यंत एकही काठी हलली नाही. साडूंनी निदान केलं: खाली प्रवाह वेगळा आहे, वरचा वेग म्हणजे खालचा वेग नव्हे. निदान बरोबर होतं, हेच वाईट. आता त्यांनी खालचा वेग आणि तापमान सांगणारं यंत्र मागवलंय. ते पोलादी तारेवर खाली सोडायचं, आणि तार सरळ राहावी म्हणून तिच्या टोकाला शिशाचा गोळा. हे सगळं त्यांनी मला फोनवर फार उत्साहाने समजावलं. गोळा बारा पौंडांचा आहे हे तेवढं सांगितलं नाही. ते मला तो गाडीतून उतरवून बोटीवर चढवताना कळलं.