केबिन फक्त झोपायला नसते

क्रूझचं ठरलं की तो संदेश येतोच. शब्द इकडचे तिकडे होतात, मजकूर तोच: "केबिन म्हणजे फक्त झोपायची जागा. दिवे घालवले की आतली आणि बाल्कनीची, सगळ्या सारख्याच. आतली घ्या, पैसे वाचवा. बोट लागत असेल तरच बाल्कनी घ्या, आणि ती जितकी वरच्या डेकवर तितकी बरी. बाल्कनी म्हटली की समुद्र दिसणारच, डावी-उजवी बघत बसू नका. केबिनचा नंबर निवडायला जास्तीचे पैसे देऊ नका, कंपनीवर सोडा. नशीब असेल तर अपग्रेड मिळतं, आणि ते कधीही नाकारू नये."

पाठवणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, याबद्दल मला शंका नाही. पण याच सल्ल्यावर विसंबून मी आईला तिच्या पहिल्या समुद्रप्रवासाला नेलं होतं. नंबर कंपनीवर सोडला. मिळाली ती आतली, म्हणजे बिनखिडकीची केबिन, तीही जहाजाच्या पुढच्या टोकाला. दुसऱ्या रात्री समुद्र उसळला आणि आईला जी बोट लागली ती रात्रभर थांबली नाही. मधूनमधून ती एकच विचारायची, "उजाडलं का गं?" त्या खोलीत ते कळायला मार्गच नव्हता. शेवटी तिला हाताला धरून खालच्या डेकवर, जहाजाच्या मधोमध असलेल्या बैठकीत नेलं आणि खिडकीशी बसवलं. तासाभरात तिच्या जिवात जीव आला. जहाज तेच होतं, समुद्रही तसाच उसळत होता.

तेव्हापासून मी केबिनकडे वेगळ्या नजरेने बघते. आतली, खिडकीची, बाल्कनीची की सुइट हा प्रश्न नंतरचा. ती जहाजावर नेमकी कुठे आहे आणि तिच्यात राहणार कोण, हे आधी. संदेशात याबद्दल अवाक्षर नाही.

सुरुवात दुसऱ्या मुद्द्यापासून करते, कारण सगळ्यात जास्त त्रास त्यानेच होतो.

"बोट लागत असेल तर बाल्कनी, आणि तीही वरची"

आतल्या कानातली तोल सांभाळणारी यंत्रणा सांगते की शरीर हलतंय. डोळे सांगतात की समोरची भिंत जागच्या जागी आहे. या दोन साक्षींचा मेळ मेंदूला घालता येत नाही आणि मळमळायला लागतं. क्षितिजाकडे बघितलं की साक्षी जुळतात, म्हणून बरं वाटतं. बाल्कनीचा फायदा एवढाच, आणि तो खरा आहे. पण रात्री क्षितिज दिसत नाही, आणि बाल्कनी आहे म्हणून हेलकावा तसूभरही कमी होत नाही. तो कमी-जास्त होतो जागेप्रमाणे.

गणित सोपं आहे. ३०० मीटर लांबीचं जहाज घ्या. लाटांवर ते सी-सॉच्या फळीसारखं पुढून-मागून डोलतं. पुढचं टोक फक्त १ अंशाने उचललं गेलं, तरी मध्यापासून १५० मीटरवरची केबिन अडीच मीटरहून जास्त वर जाते. मध्यापासून २० मीटरवरची केबिन हलते जेमतेम ३५ सेंटिमीटर. उंचीचा परिणाम कुशीवर डोलताना कळतो. जहाज १ अंश कललं तर डोलण्याच्या अक्षापासून ३० मीटर उंचावरची केबिन साधारण अर्धा मीटर बाजूला सरकते, पाण्यालगतच्या केबिनला ते फारसं जाणवतही नाही. त्यातही माणसाला सगळ्यात असह्य होतो तो संथ, वर-खाली होणारा हेलकावा, साधारण ५ सेकंदांना एक या लयीतला. म्हणजे वरच्या डेकवरची, पुढच्या टोकाची, ऐसपैस बाल्कनीची केबिन ही बोट लागणाऱ्यासाठी जहाजावरची सगळ्यात वाईट जागा ठरू शकते. आणि संदेश त्या माणसाला नेमका तिकडे पाठवतो.

यावर ठरलेलं उत्तर येतं: "आता जहाजांना स्टॅबिलायझर असतात, काही होत नाही." पाण्याखाली जहाजाच्या दोन्ही कुशींतून बाहेर येणारे हे पंख कुशीवरचं डोलणं खूपच कमी करतात. पुढून-मागून डोलण्यावर मात्र त्यांचा इलाज चालत नाही. शिवाय त्यांना जोर मिळतो तो जहाज पाणी कापत पुढे जात असतं म्हणून. वेग उतरला की त्यांचा जोरही उतरतो.

म्हणून ज्याला बोट लागते त्याने जहाजाच्या मध्यावरची, खालच्या डेकवरची खिडकीची केबिन बघावी. तशी मिळाली नाही तर मध्यावरची आतलीसुद्धा चालेल. तिथे डोळे मिटून आडवं पडणं हे पुढच्या टोकाच्या बाल्कनीत खुर्ची घट्ट धरून बसण्यापेक्षा कितीतरी सुसह्य असतं. एक गोष्ट मात्र लक्षात असू द्या: समुद्र फारच खवळला तर अगदी खालच्या डेकवरच्या गोल खिडक्यांवर लोखंडी झाकणं बसवली जाऊ शकतात. तेवढ्या वेळापुरती तीही आतलीच केबिन होते.

"केबिन फक्त झोपायला, दिवे घालवले की सगळ्या सारख्याच"

बरं, झोपेपुरतंच बोलू. मग केबिनच्या डोक्यावर काय आहे हे बघायला नको का? वर पोहण्याच्या तलावाचा डेक असेल तर पहाटे आरामखुर्च्या सरकवल्याचा आवाज थेट छतातून येतो. खाली नाट्यगृह किंवा डिस्को असेल तर मध्यरात्र उलटेपर्यंत जमिनीतून ठेका जाणवत राहतो. स्वयंपाकघराखाली ढकलगाड्यांची घरघर असते. पुढच्या टोकाला, खालच्या डेकवर आणखी एक गोष्ट असते: जहाज धक्क्याला लावताना पुढचा भाग आडवा सरकवणारे थ्रस्टर. बंदरात शिरायची वेळ बहुधा पहाटेची असते, आणि तेव्हा त्या केबिन अक्षरशः थरथरतात. नांगर टाकला तर साखळीचा खडखडाट वेगळा. मागच्या टोकाला प्रोपेलरची कंपनं. आणि शेजारच्या खोलीत उघडणारं आतलं दार असेल तर त्यातून येणारं बोलणं, कारण दार कधी भिंतीइतका आवाज अडवत नाही.

डेक प्लॅनवर, म्हणजे जहाजाच्या मजल्यांच्या नकाशावर, आपला नंबर शोधायचा, मग वरचा आणि खालचा डेक उघडून त्याच जागी काय आहे ते बघायचं. वरही केबिन, खालीही केबिन असेल तर रात्र शांत जाण्याची शक्यता सगळ्यात जास्त. याला पाच मिनिटं लागतात. दिवे घालवून सारख्या झालेल्या केबिनमध्ये इतका फरक असतो.

आता दिवसाचं. रोज नवं बंदर असेल, सकाळी उतरून संध्याकाळी परत यायचं असेल, तर संदेश बरोबर आहे. आतली केबिन घ्यावी आणि वाचलेले पैसे किनाऱ्यावर फिरण्यासाठी वापरावेत. थोड्या उजेडानेही ज्यांची झोप मोडते त्यांना तर आतल्या केबिनसारखी झोप दुसरीकडे लागणार नाही. एकट्याने जाणाऱ्यांसाठीही बऱ्याचदा तीच योग्य, कारण भाडं दोघांचं धरलेलं असतं आणि साध्या केबिनमध्ये एकट्याला जवळजवळ दुप्पट मोजावं लागू शकतं. २०१० मध्ये आलेल्या 'नॉर्वेजियन एपिक'वर म्हणूनच एकट्या प्रवाशांसाठी छोट्या स्टुडिओ केबिन काढल्या, सोबत त्यांची स्वतःची सामाईक बैठकही दिली.

पण 'क्वीन मेरी २'ने साउदॅम्प्टनहून न्यूयॉर्कला जाताना साधारण ७ रात्री वाटेत एकही बंदर लागत नाही, आणि प्रवासातल्या बहुतेक दिवशी घड्याळ एकेक तासाने सरकतं. शरीराला नव्या वेळेशी जुळवून घ्यायला उजेड लागतो, तो आतल्या केबिनमध्ये नसतो. आणि दुपारी आडवं व्हावं लागणारे वयस्कर, दिवसातून दोनदा झोपणारं बाळ, त्या बाळाजवळ थांबणारी आई किंवा बाबा, आजारपणातून नुकतं उठलेलं माणूस? यांची केबिन फक्त झोपायची खोली नसते, त्यांचा अर्धा प्रवास तिथेच होतो. हा संदेश अशा घरांना पाठवला जातो तेव्हा मला खरंच वाईट वाटतं.

खिडकी नसणं ही उणीव आहे, हे कंपन्यांनीही ओळखलंय. २०११ च्या 'डिस्ने ड्रीम'वर आतल्या केबिनमध्ये गोल पडदे बसवून त्यावर बाहेरच्या कॅमेऱ्यातलं थेट दृश्य दाखवायला सुरुवात झाली. २०१४ च्या 'क्वांटम ऑफ द सीज'वर तर जमिनीपासून छतापर्यंतचा पडदा, म्हणजे आभासी बाल्कनीच. सगळ्या केबिन सारख्याच असत्या तर हा खटाटोप कुणी केला असता?

"बाल्कनी म्हटली की समुद्र दिसणारच"

असं नाही. २००९ मध्ये आलेल्या 'ओअॅसिस ऑफ द सीज'च्या कितीतरी बाल्कनी आत उघडतात, जहाजाच्या पोटातल्या बागेवर. त्या सुंदर असतील, पण त्यांतून क्षितिज दिसत नाही. 'क्वीन मेरी २'च्या काही बाल्कनी जहाजाच्या पोलादी अंगातच कोरलेल्या आहेत. वाऱ्यापासून आडोसा उत्तम, पण खुर्चीत बसलं की समोर पोलाद. 'सेलिब्रिटी एज'वर २०१८ पासून बाल्कनी म्हणजे खोलीचीच कड: बटण दाबल्यावर काच अर्ध्यावर खाली येते, बाहेर पाऊल टाकायला वेगळी जागा नाही. याखेरीज लाइफबोटींमागच्या केबिन असतात. दृश्य थोडं अडतं की पूर्ण, हे डेक प्लॅनवर बारीक खुणेने दिलेलं असतं आणि आपण नेमकं तेच वाचत नाही.

पुढच्या टोकाच्या बाल्कनीत जहाज चालू असताना वारा उभं राहू देत नाही. समोर तोंड असलेल्या केबिनमध्ये रात्री पडदे बंद ठेवायला सांगतात, कारण आतल्या उजेडाचा वरच्या ब्रिजवरून जहाज हाकणाऱ्यांच्या नजरेला त्रास होतो. मागच्या टोकाच्या बाल्कनीतून जहाजाने पाण्यावर सोडलेली लांबच लांब पांढरी वाट दिसते. समुद्रावरचं माझं सगळ्यात आवडतं दृश्य तेच, आणि ज्याला बोट लागत नाही त्याने एकदा तरी ते बघावं.

बाल्कनीत सिगारेट ओढता येते, अशीही भर कुणीतरी या संदेशात घातलेली असते. २३ मार्च २००६ रोजी 'स्टार प्रिन्सेस'च्या बाल्कन्यांना आग लागली. ती बहुधा फेकलेल्या सिगारेटमुळे लागली, असा चौकशीचा निष्कर्ष होता. आग बाल्कनीमागून बाल्कनी गिळत गेली आणि एका प्रवाशाचा जीव गेला. त्यानंतर बाल्कनीत काय वापरायचं आणि तिथे आगीपासून संरक्षण कसं ठेवायचं याचे आंतरराष्ट्रीय नियमच बदलले. आपल्या जहाजाचा नियम वाचा, आणि परवानगी असली तरी थोटूक बाहेर टाकू नका.

"डावी-उजवी बघत बसू नका"

जिथून निघालो तिथेच परतायचं असेल तर संदेश बराचसा खरा आहे, जाताना जे उजवीकडे ते येताना डावीकडे. धक्का कुठल्या बाजूला येईल हे बंदराबंदराला बदलतं, त्यावर हिशेब मांडू नये. पण एकेरी प्रवासात बाजू महत्त्वाची ठरते. व्हँकुव्हरहून उत्तरेला अलास्काकडे जाताना मुख्य किनारा उजव्या हाताला असतो. हिमनदीच्या तोंडाशी जहाज सहसा फिरवून दोन्ही बाजूंना दाखवतात, मधले कित्येक तास मात्र तसं होत नाही. ऊन हाही मुद्दा आहे. उत्तर गोलार्धात पूर्वेकडे जाताना दक्षिणेचं ऊन उजव्या बाजूवर येतं, सावली डावीकडे. 'पॉश' हा शब्द इंग्लंडहून भारताकडे येणाऱ्या जुन्या बोटींच्या तिकिटांवरच्या 'पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम', म्हणजे 'जाताना डावी, येताना उजवी' अशा शिक्क्याच्या आद्याक्षरांवरून आला, ही गोष्ट खूप सांगितली जाते. तसं तिकीट कधी सापडलेलं नाही, तेव्हा शब्दाची कथा सोडून द्या. सावलीचा हिशेब मात्र बरोबर आहे.

"नंबर कंपनीवर सोडा, अपग्रेड नाकारू नका"

नंबर सोडून देण्याच्या तिकिटात आपण फक्त किमान प्रकार विकत घेतो. जागा कंपनी ठरवते, आणि ठरल्यावर ती बदलून मागायचा हक्क बहुधा उरत नाही. धडधाकट, कशीही झोप लागणारी, लवचिक मनाची दोन माणसं असतील तर खुशाल घ्या. पण दोन केबिन लागणाऱ्या कुटुंबाला त्या शेजारीच मिळतील याची खात्री नसते, आणि लहान मुलं एका डेकवर, आईबाप दुसऱ्या डेकवर ही वेळ येऊ शकते. गुडघे दुखणाऱ्याला ३६० मीटरच्या जहाजावर लिफ्टपासून दूरची केबिन मिळाली, तर प्रत्येक फेरी ही परीक्षा होते. व्हीलचेअर वापरणाऱ्यांनी तर नंबर कधीच सोडू नये. रुंद दार, उंबरठा नसलेलं न्हाणीघर, खुर्ची वळेल एवढी मोकळी जागा असलेल्या केबिन मोजक्याच असतात आणि लवकर भरतात.

राहिलं अपग्रेड. त्यात वर जातो तो फक्त केबिनचा प्रकार, जागा नव्हे. मध्यावरची, खालची, शांत खिडकीची केबिन तुम्ही विचार करून घेतली असेल आणि फोनवर कुणी आनंदाने पुढच्या टोकाची बाल्कनी देऊ करत असेल, तर 'हो' म्हणण्याआधी केबिनचा नंबर विचारा, डेक प्लॅन उघडा, आणि तोवर त्यांना फोन धरून थांबायला सांगा.