जिल्हा साक्षर करायचाय? ऐका तर मग!

नंदुरबारला बदली झाली म्हणून तोंड पाडून बसू नका, साहेब. २०११च्या जनगणनेत राज्याची साक्षरता ८२.३४ टक्के आणि या जिल्ह्याची ६४.३८, राज्यात सगळ्यात कमी. म्हणजे शेवटचा नंबर आधीच लागलेला आहे, तुम्ही कितीही झोपा काढल्या तरी तो आणखी खाली जाणार नाही. अशी निर्धास्त खुर्ची पुण्यात शोधून सापडायची नाही.

आल्या आल्या शिकवायला मात्र घेऊ नका. आधी फलक रंगवा. १९७८ला राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रम आला, १९८८ला राष्ट्रीय साक्षरता मिशन, २००९ला साक्षर भारत, २०२२ला नवभारत साक्षरता, आणि आता त्याचंच नाव उल्लास. अक्कलकुव्याची एखादी बाई १९७८ला पंचविशीत असेल तर आज सत्तरी ओलांडून बसलीय. प्रत्येक योजनेच्या पाहणीत तिचं नाव नव्याने लिहून घ्यायचं, तेवढाच तिच्या नावाला अक्षरांचा सहवास. शिवाय दिल्लीने ‘प्रौढ शिक्षण’ हा शब्दच काढून ‘सर्वांसाठी शिक्षण’ केलंय. प्रौढच उरले नाहीत, तर निरक्षर प्रौढ कुठून येणार?

शिकवायला स्वयंसेवक घ्या. मानधन नाही, सेवाभाव आहे. विद्यादान पैशात मोजू नये. (तुमच्या पगाराची गोष्ट वेगळी.) निरक्षरांच्या सर्वेक्षणाला गुरुजींना जुंपाल, तर ते ‘अशैक्षणिक काम’ म्हणून बहिष्कार घालतील, २०२३मध्ये घातलाच होता. निरक्षर शोधणं हे शिक्षणात मोडत नाही, हे एकदा ठरलं की तुमचाही जीव हलका होतो.

आता परीक्षा. वाचन, लेखन, संख्याज्ञान, प्रत्येकी पन्नास, एकूण १५० गुण आणि पास व्हायला ३३ टक्के. सकाळी दहा ते पाच, सवड होईल तेव्हा या. एवढी सवलत आम्हाला दहावीला मिळाली असती तर! फक्त तारीख तेवढी जपून काढा. २०२४ला ती १७ मार्चला होती आणि होळी २४ला. धडगाव-अक्कलकुव्याकडची कितीतरी माणसं तेव्हा गुजरातेत उसाच्या फडात असतात आणि होळीला घरी येतात. आठवडाभर आधीची तारीख धरली की परीक्षा केंद्रावर गर्दी होत नाही, पाण्याचा एक जार पुरतो. जे येतील त्यांच्यासमोर पुस्तकी मराठी ठेवा. घरात पावरी, मावची, भिल्ली बोलणाऱ्यांना तेवढाच एका परक्या भाषेचा लाभ.

एवढंही जमत नसेल तर हरकत नाही, नुसतं बसून राहा. जनगणनेत सात वर्षांच्या पुढचे सगळे एकाच हिशोबात धरतात. दरवर्षी शाळेतली पोरं वरून हिशोबात येतात आणि निरक्षर म्हातारी खालून गळत जातात. एकाही प्रौढाला ‘अ’ न शिकवता टक्का आपोआप चढतो. शिवाय मोजायला येणारा काही पाटी-पेन्सिल घेऊन येत नाही. घरात जो भेटेल त्याला विचारतो, “आजीला लिहिता-वाचता येतं का?” तो म्हणतो, “येतं की.” झाली आजी साक्षर, मोतीबिंदूसकट.

एवढं करूनही एखादी बाई खरोखरच शिकलीच तर? रात्री चुलीपुढे बसून नातवाच्या वहीत गिरवत गिरवत सही करायला लागली तर? घाबरू नका, त्याचीही सोय करून ठेवलेली आहे. तिला रेशनवर पाठवा. ती पदर सावरत पेन मागेल. दुकानदार यंत्र पुढे सरकवेल आणि म्हणेल, “सही नको मावशी, अंगठा लाव.” आयुष्यभर ऊस तोडून रेषा झिजलेला तो अंगठा यंत्राला ओळखू येणार नाही. मग दुकानदार तिला उद्या यायला सांगेल.