‘पंधरा दिवस ऊन खा, ॲलर्जी जाईल’: या सल्ल्यात काय चुकतं

फेब्रुवारी सरत आला की एक संदेश हमखास फिरू लागतो. शब्द बदलतात, आशय तोच. उन्हाची ॲलर्जी हे सनस्क्रीन विकणाऱ्यांनी काढलेलं खूळ आहे. आपली सावळी कातडी उन्हासाठीच घडली आहे. पुरळ उठतं ती अंगातली उष्णता. रोज कोवळ्या उन्हात बसा, लिंबू-हळद चोळा, पंधरा दिवसांत अंगाला सवय होते. सनस्क्रीन लावाल तर ‘ड’ जीवनसत्त्वाला मुकाल. यातली एक-दोन वाक्यं अर्धी खरी आहेत, म्हणून तर हा संदेश दरवर्षी पुन्हा उगवतो.

सावळ्या कातडीपासून सुरुवात करू. मेलॅनिन या त्वचेतल्या रंगद्रव्यामुळे त्वचा उन्हानं भाजण्यापासून बरीच वाचते, हे खरंच आहे. पण भाजणं वेगळं आणि ॲलर्जी वेगळी. आपल्याकडे ‘उन्हाची ॲलर्जी’ म्हणतात त्यातला सर्वांत जास्त आढळणारा प्रकार म्हणजे पॉलिमॉर्फस लाइट इरप्शन, डॉक्टरांच्या बोलीत पीएमएलई. अतिनील किरणांमुळे त्वचेतल्याच काही घटकांत बदल होतो आणि शरीराची प्रतिकारयंत्रणा त्यांना परकं समजून त्यांच्यावर तुटून पडते. ही गडबड मेलॅनिन थांबवू शकत नाही. सावळ्या त्वचेवर ती लालही दिसत नाही, हा आणखी एक घोळ. टाचणीच्या डोक्याएवढे बारीक, खाजरे दाणे उठतात, किंवा नुसतेच फिकट चट्टे पडतात. मग त्याला शिबं समजून महिनोन्‌महिने बुरशीचं मलम लावलं जातं, आणि ते लागू पडत नाही.

‘अंगातली उष्णता’ हे निदान तर घरोघरी होतं. सब्जा, गुलकंद, कोकमाचं सरबत खुशाल घ्या, उन्हाळ्यात ते चांगलंच. पण त्यानं हे पुरळ जाणार नाही. निदानासाठी दोनच गोष्टी नीट पाहायच्या: पुरळ कुठे उठलं आणि ऊन लागल्यापासून किती वेळानं उठलं.

घामोळं कपड्याखाली, घाम साचतो तिथे येतं: पाठ, कंबर, काखेच्या आसपास. पीएमएलई उघड्या भागावर येतं: गळ्याचा व्ही, मानेची मागची बाजू, हाताची बाहेरची बाजू. चेहरा आणि पंजे बारा महिने उन्हात असल्यानं पुष्कळदा त्यातून सुटतात. ऊन लागल्यावर काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी दाणे दिसतात आणि पुन्हा ऊन लागलं नाही तर साधारण दहा-पंधरा दिवसांत व्रण न ठेवता विरतात. याउलट ऊन लागताच पाच-दहा मिनिटांत गांधी उठून तासा-दोन तासांत मावळत असतील, तर ते उन्हानं उठणारं पित्त. त्याचे उपचार निराळे. लहानपणापासून उन्हात गेल्याबरोबर पुरळाऐवजी असह्य जळजळ होत असेल, तर पॉर्फिरियाची तपासणी करायला हवी; हा आजार दुर्मीळ आहे.

जागेवरून आणखी एक गोष्ट कळते, आणि महाराष्ट्रात ती विसरून चालणार नाही. वरच्या पापण्या, कानामागची जागा आणि हनुवटीखालचा भाग इथे थेट ऊन पोचत नाही. तिथेही त्वचा जाड, काळपट आणि खाजरी झाली असेल, तर उन्हाइतकाच संशय गाजर गवतावर घ्यावा. भारतात या गवताची नोंद 1950च्या दशकात पुण्यात झाली आणि आज ते प्रत्येक बांधावर आहे. त्याचे सूक्ष्म कण हवेतून अंगावर येतात. सनस्क्रीन त्यावर काय करणार? पॅच टेस्ट (संशयित पदार्थ त्वचेवर चिकटवून ॲलर्जी पाहायची चाचणी) करून घ्यावी आणि घराभोवतीचं गवत दुसऱ्या कोणाकडून, फुलं यायच्या आधी उपटून घ्यावं. वाळलेलं गवत जाळणं किंवा स्वतः काढणं नको. दुखणं जुनं झालं की यातल्या काहींना पुढे उन्हाचीही ॲलर्जी जडते, त्यामुळे उशीर महागात पडतो.

आता ‘सवय होते’ हे वाक्य. हे अर्धं खरं आहे. पीएमएलईत मोसमाच्या सुरुवातीला त्रास जास्त आणि पुढे कमी होत जातो. आपल्याकडे मार्च-एप्रिल आणि पावसाळ्यानंतरचा ऑक्टोबर हे ठरलेले दिवस. त्वचारोगतज्ज्ञ याच गुणाचा उपयोग करतात. त्रासाचा मोसम सुरू होण्याआधी काही आठवडे, आठवड्यातून दोन-तीनदा, 311 नॅनोमीटरच्या अरुंद पट्ट्यातले यूव्हीबी (अतिनील किरणांचा एक प्रकार) किरण मोजून देतात. पहिली मात्रा त्वचा लाल होणार नाही इतकी कमी असते, मग दर वेळी थोडी वाढवतात. एवढं करूनही मधेच पुरळ उठू शकतं, तेव्हा मात्रा मागे घेतात किंवा सोबत औषध देतात. गच्चीवरच्या उन्हाला ना मात्रा असते ना लगाम. त्यात यूव्हीए, म्हणजे अतिनील किरणांचा दुसरा प्रकार, भरपूर असतं, आणि पीएमएलई चेतवण्यात बहुतेक वेळा तेच पुढे असतं. शिवाय कमावलेली सवय ऊन टाळलेल्या महिन्यांत ओसरते, दरवर्षी नव्यानं सुरुवात करावी लागते. आणि पुरळ ल्युपसचं (प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच शरीरावर उलटण्याचा आजार) असेल, तर ‘सवय लावण्याच्या’ नादात सांधे आणि मूत्रपिंडापर्यंत आजार चेतू शकतो. गालांवर आणि नाकाच्या दांड्यावर चट्टा, सांधेदुखी, तोंडात वारंवार व्रण, केस गळणं, लघवीला फेस: यातलं काही सोबत असेल तर आधी एएनए ही रक्ताची आणि सोबत लघवीची तपासणी, बाकी सगळं नंतर.

लिंबाबद्दल मात्र सौम्य बोलण्याची सोय नाही. लिंबाच्या सालीत आणि रसात फ्युरोकुमारिन असतात. ते त्वचेवर असताना यूव्हीए पडलं की रासायनिक भाजणं होतं. हा ॲलर्जीचा प्रश्न नाही, कोणालाही होईल. साधारण दिवसभरानं आग सुरू होते, दोन-तीन दिवसांत फोड येतात आणि नंतर उरलेले काळे ओघळ कित्येक आठवडे, कधी महिने जात नाहीत. अंजिराचा चीक तसाच. बावचीतही हाच गुण आहे. कोडावर ती वैद्यकीय देखरेखीखाली वापरतात ती त्याचसाठी. ‘नैसर्गिक’ म्हणून चेहऱ्यावर चोळायची ती वस्तू नव्हे.

सनस्क्रीनचं खूळ? कंपन्या नफ्यासाठी विकतात हे उघड आहे, आणि ‘एकदा लावा, दिवसभर विसरा’ ही जाहिरात फसवीच. हिशोब करून पाहा. एसपीएफचा, म्हणजे वेष्टनावरच्या संरक्षणाचा, आकडा प्रयोगशाळेत दर चौरस सेंटिमीटरला 2 मिलिग्रॅम लावून ठरतो. त्या जाडीनं चेहरा-मानेला सुमारे 2 ग्रॅम आणि कोपरापासून बोटांपर्यंत दोन्ही हातांना जवळपास 4 ग्रॅम लागतं. 50 ग्रॅमची ट्यूब आठ वेळा लावण्यात संपेल. लोक ती दोन-तीन महिने पुरवतात, म्हणजे संरक्षण नावापुरतंच. म्हणून आमच्या मते कापड आधी, क्रीम नंतर. पूर्ण बाह्यांचा, घट्ट विणीचा, गडद सदरा घातला की क्रीम फक्त चेहरा, मान आणि पंजांपुरतं उरतं. कापड दिव्यासमोर धरा. पलीकडचा उजेड स्पष्ट दिसत असेल तर ते निरुपयोगी. स्कूटरवर तोंडाला गुंडाळायची जॉर्जेटची ओढणी धूळ अडवते, ऊन फारसं नाही. जाड सुती स्कार्फ बरा. घामानं भिजलेला पांढरा पातळ टी-शर्ट कोरड्यापेक्षाही कमी अडवतो.

क्रीम निवडताना एसपीएफ 30 आणि 50मधल्या फरकावर फार जीव टाकू नये. पुरेसं लावलं तर पहिलं सुमारे 97 आणि दुसरं 98 टक्के यूव्हीबी अडवतं. पीएमएलईसाठी यूव्हीएचा आकडा जास्त महत्त्वाचा, म्हणून वेष्टनावर पीए++++ आहे का ते बघा. चेहरा आणि मान मिळून दोन बोटांवर पूर्ण लांबीच्या दोन रेघा. बाहेर पडण्याआधी पंधरा-वीस मिनिटं लावावं. बाहेर असाल तर दर दोन तासांनी, आणि घाम पुसल्यावर लगेच पुन्हा. कानाच्या पाळ्या आणि मानेची मागची बाजू हमखास राहते. खिडकीची साधी काच यूव्हीबी अडवते, यूव्हीए बरंचसं आत सोडते, म्हणून एसटीत खिडकीशी बसून प्रवास केलेल्याचा एकाच बाजूच्या हातावर पुरळ उठतं. वांगही असेल तर रंगीत, लोहऑक्साइड असलेलं सनस्क्रीन घ्यावं, कारण वांग दिसणाऱ्या उजेडानंही गडद होतो.

या संदेशाबरोबर हल्ली मेडिकलमधल्या ‘गोरं करणाऱ्या’ ट्यूबचं नावही जोडलेलं असतं. त्यात बहुधा स्टिरॉइड, हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइन असतं. पीएमएलईच्या भडक्यात हातांवर चार-पाच दिवस डॉक्टरांनी सांगितलेलं स्टिरॉइड मलम योग्यच आहे. तेच चेहऱ्यावर महिनोन्‌महिने लावलं की त्वचा पातळ होते, बंद करताच आग होते, आणि ती आग उन्हाची ॲलर्जी समजून पुन्हा तीच ट्यूब उघडली जाते.

पुरळ नव्यानंच सुरू झालं असेल तर गोळ्यांचा डबाही तपासा. डॉक्सीसायक्लिन (पुराच्या पाण्यातून चालल्यावर लेप्टोसाठी देतात ते), रक्तदाबावरचं हायड्रोक्लोरोथायझाइड, केटोप्रोफेनचं दुखण्यावरचं जेल: ही सगळी ऊन बाधवतात. पण गोळी परस्पर बंद करू नका, बदलून मागा.

राहिलं ‘ड’ जीवनसत्त्व. ते यूव्हीबीनं तयार होतं आणि कोवळ्या उन्हात यूव्हीबी नगण्य असतं. सावली अंगापेक्षा लांब असेल तेव्हा फारसं काही बनत नाही. म्हणजे संदेशातला उपाय त्याच्याच उद्देशाला पुरा पडत नाही. पण ज्यांना ऊन कटाक्षानं टाळावं लागतं त्यांच्यात कमतरतेची शंका रास्त आहे. रक्त तपासून 60,000 युनिटची पुडी आठवड्याला एक, ठरवून दिलेले आठवडेच घ्यावी, मग रोजची लहान मात्रा. पुड्या वर्षभर चालू ठेवल्यानं रक्तातलं कॅल्शियम वाढून दवाखान्यात भरती व्हावं लागू शकतं.

डॉक्टरांची वेळ मिळेपर्यंत पीएमएलई बहुधा मावळलेलं असतं. म्हणून पुरळ उठल्या दिवशीच उजेडात जवळून एक आणि पूर्ण हाताचा एक असे दोन फोटो काढावे, आणि सोबत लिहावं: ऊन किती वाजता, किती वेळ लागलं, दाणे किती तासांनी उठले, किती दिवसांनी गेले, त्या आठवड्यात कोणती गोळी चालू होती.