ॲड्रेस मोजले, माणसं कुठायत?

आंब्याची पट्टी हातात पडली की रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर गुंतवणुकीच्या पोस्टींना ऊत येतो. सध्या फिरतेय ती क्रिप्टोची: 'अमुक नेटवर्कवर ॲक्टिव्ह ॲड्रेस वर्षभरात दुप्पट झाले, म्हणजे वापरणारे दुप्पट झाले. चेनवरचा आकडा कुणाला खोटा करता येत नाही. वापर वाढला की भाव वाढणारच. थोडे टाकून बघायला काय जातंय?' ॲड्रेस म्हणजे नाणी ठेवायचा खातेक्रमांकासारखा पत्ता आणि चेन म्हणजे सगळ्या व्यवहारांची जाहीर नोंदवही. आकडा बरोबर आहे असं धरून चालू. त्यावरून जे काढलंय, ते टिकत नाही.

आधी ॲड्रेस म्हणजे माणूस, हे बघू. बिटकॉइनमध्ये समजा माझ्या एका ॲड्रेसवर 0.05 आहेत आणि मालवणातल्या मित्राला 0.01 द्यायचेत. ते 0.05 पूर्ण मोडले जातात. 0.01 त्याच्या ॲड्रेसवर जातात आणि फी वजा होऊन उरलेले माझ्याकडेच परत येतात, पण बहुतेक वॉलेटांमध्ये (नाणी सांभाळणाऱ्या ॲपांमध्ये) नव्या ॲड्रेसवर. मला बोटही लावावं लागत नाही. माणसं दोन, व्यवहार एक, ॲड्रेस तीन. यात लबाडी काही नाही. दर व्यवहाराला नवी किल्ली (म्हणजे नवा ॲड्रेस) वापरा, म्हणजे मालकाचा माग लागणार नाही, हा सल्ला बिटकॉइनच्या जनकाच्या, सातोशी नाकामोतोच्या, 2008 च्या मूळ निबंधातच आहे.

आता उलट बघा. कुडाळातला एखादा पोरगा एक्सचेंजच्या, म्हणजे क्रिप्टो खरेदी-विक्रीच्या बाजाराच्या, ॲपवर दिवसभर घेत-विकत बसला, तरी ती सगळी नोंद एक्सचेंजच्या स्वतःच्या खात्यांत होते. चेनवर त्याचा मागमूस नसतो. लाइटनिंग या बिटकॉइनच्या झटपट देवघेवीच्या जाळ्यावरही दोघांमधला चॅनल उघडताना आणि बंद करतानाच चेनवर नोंद पडते, मधली देवघेव बाहेरच. म्हणजे आकडा एकीकडे फुगतो, दुसरीकडे आटतो, आणि किती ते ठरलेलं नाही. 'तीनाने भागून टाका' असंही करता येत नाही.

'खोटा करता येत नाही' हे मात्र पोस्टीतलं सगळ्यात गोड वाक्य. व्यवहारावरची सही खरी, नोंद खरी, कबूल. पण त्यामागे गिऱ्हाईक आहे की बॉट (आपोआप चालणारा प्रोग्राम), हे सही सांगत नाही. सोलाना या दुसऱ्या नेटवर्कवर एका सहीचं मूळ शुल्क 0.000005 सोल (सोल हे तिथलं नाणं). एक सोल 10,000 रुपयांना धरला, तर हजार व्यवहार पन्नास रुपयांत होतात. शिवाय तिथे व्हॅलिडेटरांची (व्यवहार तपासणाऱ्या संगणकांची) मतंही व्यवहार म्हणूनच नोंदली जातात, ती न वगळता आकडा मिरवला की झालं. आणि एअरड्रॉप, म्हणजे फुकट टोकनं, मिळणार अशी कुणकुण लागली की एकेक जण शेकड्याने वॉलेटं उघडून बसतो. आर्बिट्रम या नेटवर्कने मार्च 2023 मध्ये टोकन वाटली, तेव्हा असे एकाच हातातले ॲड्रेस हुडकून वगळण्याची खटपट करावी लागली होती. वाशी मार्केटातल्या 'देवगड हापूस' लिहिलेल्या पेट्या मोजून देवगडात कलमं किती, ते ठरवाल का? 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तरी लेबल कुणीही छापतंच.

वापर वाढला की भाव वाढतो, यासाठी पोस्टीत पुढे मेटकाफच्या नियमाचा दाखला आहे: मूल्य वापरणाऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात. छान. मग सगळ्यांनी आपापली रक्कम दोन-दोन ॲड्रेसांत विभागली की मूल्य चौपट? घरबसल्या!

त्यापेक्षा लोकांनी मिळून फी किती भरली, ते विचारा. फी खिशातून जाते, म्हणून ती फुगवणं महाग पडतं. तीही आंधळेपणाने घेऊ नये म्हणा. 20 एप्रिल 2024 ला बिटकॉइनच्या हाल्विंगबरोबर (नव्या नाण्यांचं बक्षीस निम्मं होतं तेव्हा) रून्स, म्हणजे बिटकॉइनच्याच चेनवर नवी टोकनं पाडायची पद्धत, सुरू झाले आणि फी भडकली, पण त्यात मोठा वाटा नवी टोकनं पाडणाऱ्यांच्या झुंबडीचा होता, रोजची देवघेव करणाऱ्यांचा नव्हे.

राहिलं 'काय जातंय'. 1 एप्रिल 2022 पासून आपल्याकडे क्रिप्टोच्या नफ्यावर सरसकट 30 टक्के कर आहे. एका नाण्यातला तोटा दुसऱ्यातल्या नफ्यातून वजा करता येत नाही, पुढच्या वर्षीही ओढता येत नाही. विकताना 1 टक्का टीडीएस कापतात तो वेगळा.